सारजेचा खुंटा

टक्.

पहाटेच्या शांततेत तेल्याच्या घरातल्या सारवलेल्या भुईवर रोज हा एवढाच आवाज होई. घाण्याचा बैलही तेव्हा उठलेला नसे. अंथरुणातली चंद्री तो ऐके आणि पुन्हा डोळे मिटून घेई. आई उठली, म्हणजे आता काळजी नाही!

भक्तहो, ही हकिकत बोरवंड गावची. श्रीकेवलगिरी महाराज त्या काळी तिथे रामलिंगाच्या देवळासमोर, पिंपळाखाली धुनी लावून बसत. चंद्रीची आई सारजा रोज संध्याकाळी धुनीपाशी तेलाची पणती लावी.

त्या वर्षी चैत्रात तिचा डावा पाय घाण्याच्या लाटेखाली, म्हणजे त्या जड लाकडी दांड्याखाली, सापडला आणि वैद्याने तो गुडघ्याखाली कापला. गाव हळहळलं. सारजेने मात्र सुताराकडून बाभळीचा खुंटा घडवून घेतला, चामड्याच्या पट्ट्यांनी मांडीला आवळला आणि जखम भरताच ती बैलामागे फिरू लागली. तेलाचा पितळी बुधला डोक्यावर घेऊन बाजाराला जाऊ लागली. नागपंचमीला पोरींनी तिला खेळात ओढलं. खुंटा मातीत रोवून ती मध्ये उभी राहिली आणि पोरी तिचे हात धरून भोवती गरागरा फिरल्या.

"सारजावैनी, चक्कर नाही का येत?"

"मला कशाला? फिरताय तुम्ही!"

देवळाच्या पायरीशी मात्र ती खुंटा सोडून ठेवी आणि बसल्या बसल्या सरकत आत जाई. चामडं देवळात चालत नसे, म्हणून.

त्रिपुरी पौर्णिमेला दीपमाळ उजळण्याचा मान तेल्याच्या घराचा. सारजेचा नवरा इठोबा रातांधळा. त्यामुळे लग्न होऊन आल्यापासून तीच दीपमाळेच्या खांबातून बाहेर आलेल्या दगडी हातांवर पाय देत शेंड्यापर्यंत चढे. यंदा तिने बुधला भरला, तेव्हा देवस्थानचे पंच दौलतराव देशमुख चारचौघांत हसले.

"मान तुझा खरा. पण देवाच्या दीपमाळेला चामडं लावतेस? लाकडाचं असो नाहीतर सोन्याचं, पायात बांधलं की ते पायताणच! यंदापासून मान आमच्या घराकडे." मग धुनीकडे पाहून म्हणाले, "महाराज एवढे समर्थ, तर फुटू दे की हिला नवा पाय! शेवग्याला फांदी फुटते तसा."

लोक खो खो हसले. सारजा महाराजांपुढे जाऊन बसली.

महाराज म्हणाले, "काय मागतेस, बाई? पाय?"

"नको महाराज. ह्याची सवय झालीय मला. पण मान गेला तर माझी पोर म्हणेल, पाय गेला त्या दिवशीच आई संपली. मला दीपमाळ पाहिजे."

महाराजांनी तिचा खुंटा मागून घेतला. मांडीवर ठेवून, तान्ह्या लेकराचं पाऊल चोळावं तशी त्याच्या टोकाला विभूती चोळली. "अगं, पाय कुणी बाहेर काढून ठेवतं का? देवळात चालत येत जा."

पौर्णिमेच्या सांजेला दौलतराव स्वतः चढले. तेल्याच्या घरची रीत अशी की अंधारात वर जायचं आणि शेंड्यापासून दिवे लावत खाली यायचं. दौलतरावांना घाई. त्यांनी खालूनच दिवे लावत चढायला सुरुवात केली. शेंड्याला पोचून खाली पाहतात तो काय! उतरायच्या प्रत्येक दगडावर ज्योत. वारा सुटला, धोतराचा सोगा पेटला. तो विझवताना हातातला बुधला निसटला आणि तेल दगडांवरून ओघळलं.

"अरे धावा! मेलो रे!"

दोघे-तिघे पुढे झाले. पण अनवाणी पाय तेलावर ठरेनात. सारजेने पदर खोचला, गोणपाट पाण्यात बुडवून खांद्यावर टाकलं. चंद्रीने तिचं लुगडं धरलं.

"आई, तू नको जाऊ."

"महाराजांपाशी बस. त्यांना सोडू नको."

ओल्या गोणपाटाने एकेक ज्योत विझवत ती चढू लागली. टक्. टक्. अर्ध्यावर खुंटा तेलावरून सटकला आणि ती नुसत्या हातांवर लोंबकळली. बोटं सुटत चालली. रामलिंगा, माझी चंद्री! आणि त्याच क्षणी खुंट्याखाली काहीतरी आलं. दगडासारखं गार नव्हे, ऊबदार. लाकडाला कळतं का कधी? पण सारजेला कळलं. तिने खाली पाहिलं नाही, भार टाकला आणि वर चढली.

"देशमुख धनी, पाय सोडा खाली. माझ्या खांद्यावर."

"तुझा पाय हलला तर गं?"

"तो नाही हलत. तुमचाच लटपटतोय."

दौलतराव सुखरूप खाली आले. सारजा मात्र थांबली नाही. नवा बुधला घेऊन पुन्हा चढली आणि शेंड्यापासून दिवे लावत, आपल्या रीतीने, सावकाश उतरली. सारं गाव मान वर करून पाहत होतं.

ती खाली टेकताच दौलतरावांनी पागोटं काढलं आणि खुंट्यावर कपाळ ठेवलं. चामड्याच्या पट्ट्यांसकट.

"ह्याला पायताण म्हणालो मी, सारजाबाई."

"उठा धनी. पाया पडायचं तर महाराजांच्या पडा."

ती त्यांना धुनीपाशी घेऊन आली. महाराज डोळे मिटून बसले होते. चंद्री त्यांच्या कफनीचं टोक मुठीत धरून तशीच बसून होती. दौलतराव वाकले आणि वाकलेलेच राहिले. महाराजांचं डावं पाऊल तेलाने माखलं होतं. पावलावर एक लालसर गोल वण उमटला होता, बरोबर बाभळीच्या खुंट्याएवढा.

चंद्रीने त्या वणावरून बोट फिरवलं.

"आई, मी महाराजांना सोडलंच नाही. ते जागचे उठलेसुद्धा नाहीत. मग तू यांच्या पायावर पाय कधी गं दिलास?"