दिवाळीला जातं

रखमाजी पाथरवटाच्या लेकीला, शेवंताला, गहू बाधत असे. डॉक्टरांनी तो जन्माचा बंद केला होता. सासरी ती ज्वारीची भाकरीच खायची, तरी पोट बिघडायचंच. सासरे आबा धुमाळ पिठाच्या गिरणीचे मालक. "सोंगं आहेत सगळी. दिवाळी झाली की कायमची माहेरी धाडतो," असं ते गावभर सांगत.

दिवाळीला रखमाजी आला तो खांद्यावर स्वतः घडवलेलं नवंकोरं जातं घेऊन. आबा चारचौघांत हसले.

"पाव्हणं, लेकीला साडी सोडून दगड आणलात? माझी गिरणी काय बंद पडली?"

"गिरणीत गव्हावरच ज्वारी दळता ना?"

"चिमूटभर पीठ मागं राहतं. तेवढ्यानं काय होतंय?"

रखमाजीनं जातं खाली ठेवलं. "परवाच्या एकादशीला तुमचा राजगिरा कुठं दळला?"

"घरीच उखळात कुटला. गिरणीत गव्हाचं पीठ लागलं तर उपास मोडेल की!"

"तुमचा उपास एका दिवसाचा, आबा. तिचा जन्मभराचा आहे."

आबांनी मिशीवरून हात फिरवला आणि आत हाक मारली, "सूनबाई, तुझी ज्वारी आण. आणि या जात्यात कुणी गहू टाकला, तर माझ्याशी गाठ आहे!"