लेबल नसलेला डबा

“कशी लागली?” अक्कांनी विचारलं.

ऋजुताने ऑलिव्हची बी तळहातावर काढली. “खारट. जराशी तुरट. खारवलेल्या भोकरासारखी.”

“भोकराची चव मला ठाऊक आहे. ह्याची सांग.”

“ह्याचीच सांगतेय ना!”

“कुठे? तू भोकराची सांगितलीस.”

हा पहिला दिवस.

ऋजुता तीन गुरू सोडून आली होती. पहिले प्रश्नच विचारू देत नसत. दुसरे प्रश्न संपायच्या आत उत्तर देत. तिसऱ्यांचं प्रत्येक उत्तर ‘तुझ्या वयाचा होतो तेव्हा’ इथून सुरू व्हायचं, आणि तिथेच कुठेतरी हरवायचं. टेकडीवरच्या ह्या चार खोल्यांच्या मठात मात्र अक्का गप्प असायच्या. पंचाहत्तरीची बाई, आणि उपदेश म्हणून एक शब्द नाही! ऋजुताला इथेच राहायचं होतं. आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या म्हाताऱ्या माणसापाशी तिला राहावंसं वाटलं होतं.

अक्कांनी अट घातली. सात दिवस. खालच्या सुपरमार्केटात सवलतीच्या मालाचा रॅक आहे. रोज तिथून कधी न खाल्लेली एक वस्तू आणायची, आणि सातांतल्या एकीची तरी चव सांगायची. सांगितली तर राहा. नाहीतर आठवड्याच्या शेवटी चारची एसटी.

ऋजुता हसली होती. एम.एस्सी. केमिस्ट्री झालेल्या मुलीला ही परीक्षा!

त्या रॅकची गोष्ट अशी होती की हायवेला कारखाना आला, कारखान्यात परदेशी इंजिनिअर आले, म्हणून दुकानाने तसला माल भरला. वर्षभरात इंजिनिअर गेले. माल राहिला. गावातलं कुणी त्याला हात लावेना. मग ट्रॉल्यांच्या मागे जाळीचा एक रॅक लागला, आणि तारीख जवळ आलेल्या प्रत्येक वस्तूवर निम्म्या किमतीचं पिवळं स्टिकर.

दुसऱ्या दिवशी अव्होकाडो. “लोण्यासारखं,” ऋजुता म्हणाली.

“लोणी शिंक्यावर आहे,” अक्का म्हणाल्या.

तिसऱ्या दिवशी हमस, वाटलेल्या काबुली चण्यांचं. मठाचा स्वयंपाक करणाऱ्या भागीरथीबाईंनी बोटभर चाखलं आणि नाक मुरडलं. “कुणीतरी बया पिठलं करायला बसली, आणि चूल पेटवायचीच विसरली की!”

अक्का खदखदून हसल्या. ऋजुताला राग आला. भागीरथीबाईंनी ‘पिठलं’ म्हटलेलं चालतं, आणि मी म्हटलं की…

चौथ्या दिवशी ड्रॅगन फ्रूट. “पाणी घातलेल्या कलिंगडासारखं” म्हणून ती मोकळी झाली, आणि अक्कांनी काही म्हणायच्या आत स्वतःच कपाळावर हात मारून घेतला.

पाचव्या दिवशी तिने तयारी केली. किमचीची, म्हणजे तिखटात आंबवलेल्या कोबीची, बरणी पुढ्यात ठेवून घडाघडा बोलली. आंबवण, लॅक्टिक आम्ल, मीठ इतकं, मिरची इतकी, जिभेवर आधी काय लागतं आणि मागाहून काय.

अक्कांनी चष्मा लावला, बरणी उलटी करून पाहिली. “ह्यातलं बरंचसं इथे छापलेलं आहे गं.”

“मग माणसाने सांगायचं तरी कसं?” ऋजुताचा आवाज चढला. “नवी वस्तू जुन्या शब्दांनीच सांगावी लागते, अक्का. दुसरे शब्द आणू कुठून? तुम्ही अशक्य गोष्ट मागताय, आणि वर गप्प बसताय!”

“हं…” अक्का म्हणाल्या, आणि बरणी संपवली. त्या सगळंच संपवायच्या. चेहऱ्यावर सुरकुतीही न हलवता.

सहाव्या दिवशी टोफू. ऋजुताने डाव टाकला. “ह्याला चवच नाही.”

“कशाची नाही?”

“पनीरची…” आणि तिने जीभ चावली.

पाट्याजवळ बसलेल्या भागीरथीबाई पदर तोंडाला लावून हसल्या. “पोरी, पोटाची तरी दया कर. कालचा तो लाल कोबी अजून माझ्या पोटात बोलतोय.”

सातव्या दिवशी रॅक रिकामा होता. नव्या मालासाठी जाळी पुसत होते. तळाच्या खणात एकच डबा उरला होता. दमट हवेने त्याचं लेबल गळून पडलेलं, बुडाशी नुसती तारीख आणि तिच्या शेजारी पिवळं स्टिकर.

“मॅडम, आत काय आहे ते आम्हालाही माहीत नाही,” काउंटरवरची मुलगी म्हणाली. “आवडलं नाही तर परत घेणार नाही हं.”

ऋजुता टेकडी चढली. आधी खोलीत जाऊन बॅग भरली, ती आणून उंबऱ्याशी ठेवली. मग डबा उघडला.

आत गोडसर पाण्यात पांढुरक्या फोडी होत्या. काचेसारख्या, थरथरणाऱ्या. तिने एक तोंडात घातली.

…

तिने मनातल्या मनात आईचं अख्खं स्वयंपाकघर धुंडाळलं. फडताळ, फ्रीज, लोणच्याच्या बरण्या. कशाशीच जुळेना. एक क्षण तिला आनंदच झाला, आज ‘सारखं’ येणारच नव्हतं! ती सांगायला गेली, तर दुसरंही काही येईना. गोड म्हणावं, तर ते साखरेचं पाणी. मऊ म्हणावं, तर ती काही चव नव्हे.

“कशी लागली?”

“मला… नाही सांगता येत,” ऋजुता म्हणाली. “खरंच नाही येत, अक्का.”

आणि ती थांबली. असल्या गोष्टी तिने पुष्कळ वाचल्या होत्या. शिष्याने हात टेकले की गुरू हसतो, डोक्यावर हात ठेवतो, म्हणतो, आता खरी सुरुवात झाली.

“बरं,” अक्का म्हणाल्या. “चारची एसटी कधीकधी लवकर येते.”

एवढंच.

ऋजुताला कानशिलं तापल्यासारखी वाटली. ती उठली, बॅगेचा पट्टा खांद्यावर टाकला.

पानात पडलेलं टाकायचं नाही म्हणून अक्कांनी डबा पुढे ओढला. एक फोड उचलली. तोंडात घातली… आणि त्यांचा हात तिथेच राहिला.

सहा दिवसांत खाताना जो चेहरा एकदाही हलला नव्हता, तो हलला.

त्यांनी दुसरी फोड घेतली. तिसरी.

“ताडगोळ्यासारखं आहे,” त्या हळूच म्हणाल्या. “आमच्या डहाणूच्या दारातल्या… बाबा कोयत्याने फोडून द्यायचे. पन्नासेक वर्षं झाली असतील.”

बॅग धाडकन खाली पडली.

“सारखं?” ऋजुता ओरडली. “तुम्ही ‘सारखं’ म्हणालात!”

“म्हणाले.”

“सात दिवस मला म्हणू दिलं नाहीत!”

“नाही दिलं.”

“मी हरले म्हणून निघाले, आणि तुम्ही… म्हणजे मी पहिल्या दिवशी बरोबर होते? की तुम्ही आज चुकलात? की दोन्ही? अक्का, एक काहीतरी सांगा! राहू की जाऊ?”

अक्कांनी आणखी एक फोड तोंडात घातली. टेकडीखाली हॉर्न वाजला, इंजिन घरघरलं, आणि आवाज वळणापलीकडे विरत गेला.

“गेली गं तुझी गाडी,” भागीरथीबाई परातीकडे पाहत म्हणाल्या. मग ज्वारीच्या डब्यात हात घालून त्यांनी आणखी एक मूठ पीठ परातीत टाकलं.

ऋजुता मटकन बसली. तिला काहीच कळेना. रडावं की भांडावं, तेही कळेना.

डब्यात एकच फोड उरली होती. अक्कांनी डबा तिच्याकडे सरकवला.

“तू कधी ताडगोळा खाल्लायस?”

“नाही. आमच्या अमरावतीकडे कुठे मिळणार? मी तर नावच आज ऐकतेय.”

“ही खा.”

ऋजुताने फोड तोंडात घातली. मुकाट्याने चावली. गिळली.

अक्का पुढे झुकल्या.

“आता सांग, ताडगोळा कसा लागतो?”