मल्हारीनं ओढलेला पदर

त्या साली पौषात सुखगीर महाराज खैरसांगवीला उतरले होते. गावाबाहेरच्या महादेवाच्या देवळात त्यांचं आसन असे. महाराज एका गावी फार दिवस टिकत नसत, पण इथं राहिले. का राहिले ते तेव्हा कुणालाच उमगलं नाही. आता आपल्याला ठाऊक आहे, म्हणून सांगायचं.

गावात भिवरा नावाची साळ्याची सून होती. नवरा मागावर बसायचा, ही त्याला सूत भरून द्यायची. खंडोबाच्या नवसानं झालेलं एकच लेकरू, मल्हारी. अंगानं बाळसेदार, पायानं चपळ. पण तीन वर्षांचा होत आला तरी तोंडातून एक शब्द नाही. ऐकू सगळं यायचं, बरं का! ताटली वाजली की अंगणातून धावत यायचा. भूक लागली की आईचा पदर ओढायचा, काही दाखवायचं असलं तरी पदरच ओढायचा. बोलणं मात्र नाही ते नाहीच.

आता अशा वेळी गाव गप्प बसतं होय? ज्याला जे सुचेल ते त्यानं सांगावं आणि भिवरेनं ते करावं. वेखंड उगाळून मधातून चाटवलं. देवळाची घंटा धुऊन ते पाणी पाजलं. पोपटानं टोचलेला पेरू खाल्ला की पोर पोपटासारखं बोलतं, असं कुणीतरी म्हणालं, तर ही बाई मळ्यामळ्यातून उष्टे पेरू हुडकत हिंडली. पोरानं पेरू खाल्ला, बिया थुंकल्या आणि हसलं. सकाळपासून तिचं एकच चालायचं, "बोल रे राजा. आई म्हण. म्हण ना, आ... ई." पोर तिच्या ओठांकडे बघायचं, बघायचं आणि तोंड फिरवून पळून जायचं. शेजारणीचं दुडुदुडु चालणारं पोर तिला "काकू" म्हणून हाक मारायचं, तेव्हा तिच्या काळजात चर्र व्हायचं. हातातलं काम सुचायचं नाही, अंथरुणावर पाठ टेकली तरी डोळ्याला डोळा लागायचा नाही.

गावच्या देशमुखीणबाई म्हणजे सगुणाबाई. दानधर्माला त्यांचा हात मोकळा, पण जीभ त्याहून मोकळी. त्यांचा नातू जयसिंग पाच वर्षांचा, घडाघडा श्लोक म्हणायचा. बाई त्याला रोज महाराजांपुढं उभा करायच्या आणि चारचौघांकडे बघून घ्यायच्या. एके दिवशी भिवरा मल्हारीला कडेवर घेऊन देवळात आली, ती नेमकी त्याच वेळी.

"अगं भिवरे," बाई म्हणाल्या, "देवापुढं लेकरू आणावं ते नाव घेणारं. हे मुकं काय नाव घेणार? मागच्या जन्मीचं काही असेल, दुसरं काय!"

भिवरेचे डोळे भरून आले. तिनं महाराजांच्या पायाशी पोराला उतरवलं आणि म्हणाली, "महाराज, हा मला कधी आई म्हणंल का? एवढंच सांगा. मला दुसरं काही नको."

महाराज म्हणाले, "तू दिवसभर त्याला बोल बोल म्हणतेस. तो काय सांगतो ते ऐकतेस का?"

"बोलतच नाही, तर ऐकू काय महाराज?"

महाराज हसले. "पदर ओढतो ना? मग आजपासून त्याला बोल म्हणायचं नाही. त्यानं पदर ओढला की हातातलं काम टाकून उठायचं. नेईल तिथं जायचं, दाखवील ते बघायचं. जे दाखवील त्याचं नाव एकदा सांगायचं आणि गप्प राहायचं. जमेल?"

"जमंल महाराज."

"ऐका!" सगुणाबाई हसल्या. "आता पोर आईला वळण लावणार. कलियुग ते हेच बाई!"

जमेल म्हणणं सोपं होतं. भाकरी तव्यावर टाकावी आणि पदर ओढला जावा. भिवरा उठायची, भाकरी करपायची. सासू कपाळावर हात मारून म्हणायची, "तुझ्या महाराजांना म्हणावं, भाकरी थापायला या आमच्या घरी!" आणि पोर नेऊन दाखवायचं काय, तर भिंतीच्या कडेनं चाललेल्या मुंग्या. "मुंगी," भिवरा म्हणायची आणि पुढचं "म्हण बघू" ओठ दाबून गिळायची. कधी वासरू, कधी ओलं घोंगडं, की पुन्हा मुंग्याच. जीव नुसता वरखाली व्हायचा तिचा. लोकांच्या सुना कामं उरकतात आणि मी मुंग्या काय बघत बसलेय! पण एक गोष्ट तिच्या ध्यानात आली होती. पोर आता तोंड फिरवून पळत नव्हतं. ते तिच्याकडे वळायचं आणि नाव ऐकायला थांबायचं.

पौर्णिमेला देशमुखांच्या अंगणात भंडारा होता. महाराज पंगतीच्या डोक्याशी बसले होते. भिवरा आमटी वाढत होती. इतक्यात मल्हारी पळत आला आणि त्यानं पदर धरला. रोज ओढायचा तसा नाही, तर दोन्ही हातांनी, सगळं अंग मागं टाकून.

"थांब रे सोन्या, वाढते," ती म्हणाली, आणि तिचं तिलाच काहीतरी टोचलं.

सगुणाबाईंनी बघितलं. "भिवरे, पानं खोळंबलीत! त्या मुक्याच्या मागं जायचं असेल तर जा, पण पुन्हा माझ्या दारात पाऊल ठेवू नकोस."

भिवरेनं महाराजांकडे बघितलं. ते डोळे मिटून, खांद्यावरच्या उपरण्यानं वारा घालत बसले होते. पौषाची कडाक्याची थंडी, आणि बाबांना उकडतंय! पंगतीत दोघेचौघे हसलेसुद्धा. भिवरेला काही सुचेना. देशमुखांचं दार बंद म्हणजे अर्धं गाव बंद. पण शब्द दिला होता. तिनं बादली खाली ठेवली आणि पोरामागं निघाली.

मल्हारी तिला गोठ्यामागं घेऊन गेला. तिथं देशमुखांचं पेव होतं, जमिनीत खोल खणलेलं ज्वारीचं कोठार, तोंड अरुंद आणि पोट मोठं. भंडाऱ्यासाठी सकाळी ज्वारी काढली होती, आणि गड्यांनी घाईत वर चिरा न ठेवता नुसती चटई टाकली होती. ती चटई आता आत गेली होती. काठावर जयसिंगाची एक वहाण पडली होती.

"जयसिंगा!" भिवरेनं हाक मारली. एवढं बोलकं पोर, पण आतून हूं नाही की चूं नाही. मग मात्र तिनं जी बोंब ठोकली, ती वेशीपर्यंत ऐकू गेली असेल.

पंगत उठली. धोंडी गडी दोर घेऊन आला. पेवात आधी दिवा सोडतात. सोडला, तो पुरुषभर खाली जाताच विझला. पुन्हा सोडला, पुन्हा विझला. "हवा कोंदलीय," म्हातारी माणसं म्हणाली. "उतरंल तो वर यायचा नाही." सगुणाबाई काठाकडे धावल्या, चौघींनी त्यांना धरून ठेवलं. "उतरा रे कुणीतरी! माझं लेकरू आहे रे ते!" त्या ऊर बडवून रडत होत्या.

तिथून महाराजांकडे धावली ती भिवरा. "महाराज, ते लेकरू वाचवा!" महाराज आपल्या पानावरच होते. हात थांबला नव्हता, कपाळावरून घाम ओघळत होता. डोळे न उघडता म्हणाले, "दिवा परत सोडा म्हणावं."

तिसऱ्यांदा दिवा सोडला. ज्योत लवलवली, आणि काय आश्चर्य! तळापर्यंत नीट जळत गेली. धोंडी देवाचं नाव घेऊन उतरला आणि पोराला पाठीशी बांधून वर आला. तोंडावर पाणी मारलं तसं जयसिंगानं डोळे उघडले. "आजी," तो म्हणाला, "खाली देवळातले बाबा होते. उपरण्यानं वारा घालत होते. म्हणाले, निजू नको, मल्हारी माणसं आणायला गेलाय."

लोक एकमेकांकडे बघायला लागले. बाबा तर पानावरून उठलेच नव्हते! जवळ जाऊन बघतात, तर उपरणं ज्वारीच्या कोंड्यानं माखलेलं.

सगुणाबाई महाराजांच्या पायांवर पडायला गेल्या. महाराजांनी पाय आखडून घेतले. "बाई, तुमच्या नातवासाठी आधी कोण धावलं? त्याच्याकडे जा."

बाई मल्हारीपुढं बसल्या. "माझ्या जिभेला हाड नव्हतं रे बाळा," एवढं म्हणून त्या रडायला लागल्या. मल्हारीनं ते रडणं थोडा वेळ बघितलं आणि त्यांच्या भरजरी लुगड्याचा पदर धरून ओढला. जन्मात कुणासाठी न उठलेल्या त्या बाई उठल्या आणि पोरामागं मुकाट चालायला लागल्या. भिंतीशी पोर उकिडवं बसलं. बाईंचे गुडघे धरलेले, तरी त्या वाकल्या, अगदी कपाळ जमिनीला टेकेपर्यंत वाकल्या. पंगतीतलं भाताचं शीत ओढत एक मुंगी चालली होती.

"काय आहे रे? बो..." बाई म्हणणार, तोच भिवरेनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. पोरानं आईकडे बघितलं. मग बोट खाली टेकवून म्हणाला, "मुंगी."

ज्या एका शब्दासाठी भिवरा रानोमाळ हिंडली, तो राहिला बाजूला आणि पहिला मान गेला मुंगीला! ती हसत होती आणि रडत होती. सगुणाबाईंनी कपाळ उचललंच नाही. पुढं मुंगी, मागं पोर, आणि मध्ये खैरसांगवीची देशमुखीण माती कपाळाला लावून पडलेली, असं सगळ्या गावानं बघितलं.

"आई" हा शब्द शिमग्याच्या सुमाराला आला. भिवरा भाकरी थापत होती, आणि तव्यावरची करपली. महाराज तोवर पुढच्या गावी निघून गेले होते.

खैरसांगवीत आजही लेकरानं पदर ओढला की बाई तव्यावरून उठते. मागं जी भाकरी करपते तिला महाराजांची भाकरी म्हणतात. ती टाकायची नसते, आणि तिच्यावरून सुनेला बोलायचंही नसतं. सासूनं ती आधी आपल्या पानात घ्यायची, अशी तिथली रीत आहे.