आईचे गाठोडे

एकदा एक शिष्य आपल्या वृद्ध गुरूंकडे तक्रार घेऊन आला, आणि तक्रार होती आपल्या आईच्या पडण्याविषयी.

हा शिष्य आता संसारी गृहस्थ झाला होता. वडील गेल्यावर तो, त्याचा थोरला भाऊ आणि धाकटी बहीण अशी तिघे एकत्र बसली. वाटण्या करण्यात आपण माणसे मोठी तरबेज. शेत वाटून झाले, भांडीकुंडी वाटून झाली. बहीण म्हणाली, "मला यातलं काही नको, पण आईची पाळी मात्र हवी." तिघांचीही मने निर्मळ होती. भार कुणा एकावर पडू नये आणि आईला कुणी मुकूही नये, म्हणून असे ठरले की दर पौर्णिमेला आईने घर बदलायचे. हा तोडगा शिष्यानेच काढला होता आणि त्याचा त्याला मनातून अभिमानही होता.

आई गाठोडे काखेत घेऊन घरोघर फिरू लागली. आणि पडू लागली. बहिणीकडे खाटेवरून उतरताना तिचा तोल गेला. शिष्याच्या घरी ती उंबरठ्याला अडखळली. थोरल्याच्या घरी तर न्हाणीत अशी घसरली की मनगटच मोडले. वैद्यांनी पट्टी बांधता बांधता सांगितले, "हात जुळेल. पण पुढच्या वेळी खुबा मोडला, तर ती पुन्हा उठायची नाही."

झाले, भावंडांत जुंपली. तुझ्या न्हाणीत शेवाळ, तुझ्या घरात अंधार, तुझे लक्षच नसते. आई बिचारी मधे पडून म्हणे, "नका रे भांडू. माझेच मेले पाय वेंधळे झालेत."

"गुरुजी," शिष्य म्हणाला, "आम्हा तिघांत आईला नीट सांभाळत नाही तो कोण, एवढंच सांगा."

गुरूंनी भलताच प्रश्न केला. "आई आपलं गाठोडं कुठं ठेवते?"

"उशाशी. कधी सोडून ठेवत नाही. फणी काढते, केस विंचरते, फणी परत आत."

गुरू म्हणाले, "चार दिवस इथंच राहा, पंडित. मग बोलू."

पहिल्या रात्री शिष्याचे अंथरूण पडवीत घातले होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाहतो तो ते धान्याच्या कोठीत. गुरूंनी स्वतः उचलून नेले होते! तिसऱ्या दिवशी अंथरूण स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत गेले. पाण्याचा तांब्या आज उशाशी, तर उद्या पायाशी. शिष्याला याचा अर्थ लागेना. पण गुरूंना विचारायचे कसे? पहाटे नदीवर जायला तो अर्धवट झोपेत उठे. कोठीत तो दार समजून भिंतीवर आदळला. पुढच्या पहाटे तांब्या लाथेने उडवला आणि पायरी नव्हती तिथे पायरी आहे असे समजून पाऊल टाकले आणि कोपरावर आपटला.

आता मात्र त्याचा पारा चढला. कोपर चोळतच तो गुरूंसमोर उभा राहिला. "मी काय पेटारा आहे, रोज इकडून तिकडे सरकवायला?"

गुरूंनी त्याला जवळ बसवले, त्याच्या कोपराला तेल लावले आणि हलकेच विचारले, "हे तुझी आई कधी म्हणाली का रे?"

शिष्याचा राग जागच्या जागी विरला. "नाही," तो म्हणाला. "ती कधीच काही म्हणाली नाही."

"अरे, डोळे जागे व्हायच्या आधी पाय चालू लागतात. त्या पायांना घर पाठ व्हावं लागतं. तू धडधाकट, तरी तुझी ही गत. तिच्या पायांना एक घर पाठ होत येतं, तोच पौर्णिमा उगवते. तुमच्यात वाईट कुणी नाही. भार सारखा वाटलात, पण फिरायचं कुणी? जिला चालवत नाही तिनं? तिचं गाठोडं सोडा, आणि तुमची बांधा. जिथं ती राहील त्या घरावरच सगळं टाकून मोकळे मात्र होऊ नका."

शिष्याचे डोळे भरून आले. "मग मी तिला कायमची माझ्याकडेच—"

"हेही तूच ठरवणार? तिला विचारलंस?"

विचारले नव्हते. तिघांतल्या कुणीच विचारले नव्हते.

घरी येऊन तो आईच्या पायांशी बसला. भाऊ आणि बहीणही आली होती. आई आधी म्हणाली, "तुम्ही ठरवाल ते." तो हलेना, तेव्हा ती अगदी चोरट्या आवाजात बोलली. "मग धाकटीकडं राहू का? तिच्याकडं खाटेपासून न्हाणीपर्यंत सलग भिंत आहे. हात टेकत टेकत जाता येतं मला."

शिष्याच्या मनाला ते लागले. दोन मुलगे असताना आई लेकीकडे, लोक काय म्हणतील? पण लोक काही पहाटे उठून तिला हात द्यायला येणार नव्हते. बहिणीचा नवरा म्हणाला, "घर तुमचंच आहे, या." थोरल्याने त्या भिंतीला, आईच्या हाताच्या उंचीवर, गुळगुळीत बांबू पक्का बसवून दिला. आईजवळ कुणीतरी असावे म्हणून दोघे भाऊ पाळीपाळीने बहिणीकडे मुक्कामाला जाऊ लागले. कधी भावजया जात, म्हणजे बहिणीलाही एखाद्या सकाळी अंथरुणात लोळता येई.

शिष्याची पाळी आली, तेव्हा काखेत गाठोडे मारून तो बहिणीच्या दारात उभा राहिला. आईची फणी कोनाड्यात होती. तिच्या गाठोड्याचे फडके धुऊन दोरीवर वाळत होते. त्याला पाहून आई उठली आणि बांबूला धरून, न अडखळता, चालत पुढे आली.

तो आत पाऊल टाकणार, इतक्यात ती घाईघाईने म्हणाली, "अरे, सांभाळून! उंबरठा उंच आहे इथला. तुला सवय नाही."

शिष्य थांबला. त्याने खाली पाहिले आणि आईने सांगितल्याप्रमाणे, जपून पाऊल टाकत तो आत गेला.