लहान इंजिन आणि दाण्याची चटणी

एकदा, म्हणजे पुराणकाळात नव्हे, अगदी आपल्या डोळ्यांदेखत, एका घाटाच्या पायथ्याशी एक वृद्ध यंत्रज्ञ राहत होते. सारा गाव त्यांना आबा म्हणे. त्यांचं गॅरेज म्हणजे पत्र्याची एक लांबलचक शेड. पण घाट चढून-उतरून दमलेल्या गाड्यांना तिचा मोठा आधार होता. इंजिनाचा आवाज ऐकताना आबा डोळे मिटत, आणि भोवतालची माणसं आपोआप गप्प होत. गाडीचे मालकसुद्धा तेवढा वेळ हात जोडून उभे राहत.

आबांचा एक शिष्य होता, गिरिधर. हात कुशल, नजर तीक्ष्ण, जीभ मात्र थोडी उतावळी. अनेक वर्षं आबांपाशी काढल्यावर आता त्याला घाटापलीकडच्या गावात स्वतःचं गॅरेज काढायचं होतं. जागा पाहून झाली होती. अडलं होतं ते फक्त आबांच्या अनुज्ञेपाशी.

"आता जी पहिली गाडी दारात येईल," आबा त्याला म्हणाले, "तिच्या मालकाला योग्य उत्तर दे. दिलंस, की तू मोकळा. नाही दिलंस, तर आणखी वर्षभर माझ्याबरोबर हात काळे कर."

गिरिधरला ही अट म्हणजे निव्वळ उपचार वाटला. त्याने मनातल्या मनात नव्या गॅरेजचा नारळही फोडून टाकला.

पहिली गाडी आली ती गंगाधरशेठांची. शेठ भांड्यांचे व्यापारी. परातींपासून मिक्सरपर्यंत सगळं त्यांच्या दुकानात मिळे. गाडी मोठी डौलदार होती. उंच, रुंद, पांढरीशुभ्र, सगळं कुटुंब पोटात घेणारी. बॉनेटखाली इंजिन मात्र इवलंसं, आणि त्याला जोडलेला टर्बो, म्हणजे इंजिनाच्या गरम धुरावर गरगर फिरून आत जास्तीची हवा कोंबणारं एक छोटं चक्र. त्या चक्राच्या बळावर लहान इंजिन थोरल्याचं काम करतं.

"आबा, मी पुरता हवालदिल झालोय," शेठ गाडीतून उतरता उतरताच बोलू लागले. "घेतली तेव्हा सगळे वा वा म्हणाले. आता जो भेटतो तो घाबरवतो. व्याही म्हणतात, एवढ्या मोठ्या गाडीला एवढंसं इंजिन म्हणजे नांगराला शेळी जुंपल्यासारखं. मेहुणा म्हणतो, टर्बो गेला की गाडी भंगारात. अहो, घरातली झाडून सगळी माणसं या गाडीत बसतात, नातवंडं बसतात. रविवारी पुन्हा घाट चढून कुलदैवताला जायचंय. मला एकच सांगा, हे इंजिन टिकेल किती? खात्री नसेल तर मी उद्याच विकून टाकतो. गिऱ्हाईक तयार आहे."

आबांनी गिरिधरकडे पाहिलं. गिरिधरने बाह्या सरसावल्या.

दिवसभर त्याने त्या इंजिनाचा पिच्छा पुरवला. नळ्या पाहिल्या, प्लग काढून पाहिले, सिलिंडरमधला दाब मोजला, टर्बोच्या चक्राला बोट लावून ते डगमगतं का ते पाहिलं. शेठ बाहेरच्या बाकावर बसून चहावर चहा पीत होते. संध्याकाळी गिरिधर हात पुसत त्यांच्यासमोर उभा राहिला.

"ऑइल काळं पडलंय आणि पातळ झालंय, ते बदलून घ्या. बाकी आज तरी दोष नाही. पण शेठ, लहान जीव तो लहान जीव. आमच्या जुन्या डिझेल जिपांची गोष्ट वेगळी होती. ह्याचा भरवसा मी देणार नाही. चांगलं गिऱ्हाईक आहे तोवर विका."

शेठांचा चेहरा पडला. त्यांनी जड मनाने खिशातला फोन काढला.

"थांबा शेठ," आबा म्हणाले. "तो फोन उद्या करा. उद्या सकाळी आम्ही दोघं तुमच्या घरी येतो. तुमच्या मंडळींना, विमलाबाईंना, सांगा, म्हाताऱ्याला दाण्याची चटणी खायची इच्छा झाली आहे. पण आधी करून ठेवू नका म्हणावं. आम्ही आल्यावर, आमच्यासमोर."

शेठ बुचकळ्यात पडले, तरी हो म्हणून गेले. गिरिधर मात्र अस्वस्थ झाला. "आबा, माझं उत्तर चुकलं का?" त्याने विचारलं.

"ते अजून पुरं व्हायचंय," एवढंच बोलून आबा हातपाय धुवायला गेले. हातातोंडाशी आलेलं गॅरेज एका चटणीपायी जातं की काय, असं गिरिधरला वाटू लागलं.

दुसऱ्या दिवशी दोघं शेठांच्या घरी पोहोचले, तर शेठ दुकानात गेलेले. दुकान म्हणजे तरी किती लांब? घराच्या ओट्यावरून दुकानाची पाटी सहज वाचता येत होती. पाहुणे आलेले पाहून शेठांनी तिथूनच हात केला, लगबगीने गाडीत बसले, तिला चालू करताक्षणीच भरपूर रेस दिली, हॉर्न वाजवत आले आणि फाटकाशी खाट्कन बंद करून उतरले.

"एवढ्याशा अंतराला गाडी?" गिरिधरने हसत विचारलं.

"तर काय! गाडी घेतल्यावर ती पेठेला दिसायला नको?" शेठही हसले. "दिवसातून चार फेऱ्या होतात. पण मी पेट्रोल उगाच जाळत नाही हं. परवा घाट चढून देवळाशी पोहोचलो, चाकं थांबायच्या आत किल्ली फिरवली. आणि एवढीशी तर फिरते, म्हणून ऑइलचीही घाई करत नाही."

आबा सरळ स्वयंपाकघराच्या दाराशी पाट मांडून बसले. विमलाबाईंनी भाजलेले दाणे, लसूण, तिखट, मीठ असं सगळं भांड्यात घातलं आणि मिक्सर पुढे ओढला. मूळचा पांढरा असलेला तो मिक्सर आता पार पिवळा पडला होता. बाईंनी तो क्षणभर फिरवला आणि थांबवला. झाकण काढून चमच्याने दाणे खालीवर केले. पुन्हा जरासा फिरवला. मग तळाशी तळहात लावून पाहिला, आणि आबांच्या सुनेची चौकशी करत त्याला निवू दिला. चटणी झाली तेव्हा ती ना पीठ झाली होती ना भरड राहिली होती.

"किती जुना हा?" आबांनी विचारलं.

"माझ्या लग्नातला, आबा."

"ऐका!" मागून शेठ म्हणाले. "माझ्या दुकानात नव्या मिक्सरांची रांग लागलीय, आणि भांडीवाल्याच्या बायकोकडे हे ध्यान! लोक हसतात हो मला."

"हसू देत. कधी अडलं का तुमचं जेवण?" विमलाबाई म्हणाल्या.

आबांनी भाकरीबरोबर चटणी खाल्ली, वर तेल मागून घेतलं, पुन्हा वाढा म्हणाले. फाटकाशी उभ्या असलेल्या गाडीकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. गिरिधर मात्र सारखा तिच्याकडेच पाहत होता. शेठ पान आणायला आत गेल्यावर त्याने आबांना ओट्यावर गाठलं.

"आबा, आपण इंजिनासाठी आलो होतो ना?"

"तेच तर पाहत बसलो होतो," आबा म्हणाले. "काल तुला ऑइल पातळ दिसलं. त्याला वास कसला येत होता?"

"पेट्रोलचा."

"का येत होता?"

हा प्रश्न काल गिरिधरच्या मनातच आला नव्हता. आबांनी आवाज खाली आणला.

"यंत्राचं निम्मं आयुष्य कारखान्यात घडतं, बाळ. उरलेलं निम्मं मालकाच्या घरात घडतं. आपल्या जुन्या जिपांची इंजिनं मोठी होती, ऐसपैस होती. मालकाच्या चुका ती पोटात घालत. हे लहान इंजिन चुका लक्षात ठेवतं. इथून दुकानापर्यंत नेलं तर त्याचं अंगसुद्धा तापत नाही. न जळलेलं पेट्रोल ऑइलमध्ये उतरत राहतं आणि ऑइलचा कस जातो. घाट चढताना टर्बो लालबुंद होतो. त्याच क्षणी किल्ली फिरवली की ऑइल वाहायचं थांबतं आणि जागच्या जागी करपतं. काही इंजिनं जन्मतःच अधू असतात, हे मलाही ठाऊक आहे. पण हे तसं नाही. तू तपासलंस, आणि तुझ्या हातांवर माझा पूर्ण विश्वास आहे. तुझं चुकलं एवढंच, की यंत्राची परीक्षा दिवसभर केलीस आणि माणसाला बाहेर बाकावर बसवून ठेवलंस. आत त्या बाईंचा मिक्सरही लहानच आहे, आणि वेगाने फिरणाराच आहे."

गिरिधरला आपली चूक लख्ख दिसली. "मग तुम्हीच शेठांना सांगा ना," तो हळूच म्हणाला.

"मी चटणी खायला आलोय. उत्तर तुला द्यायचंय."

आता खरी पंचाईत झाली. पेठेतल्या प्रतिष्ठित माणसाला त्याच्याच ओट्यावर उभं राहून, दोष गाडीचा नाही, तुमचा आहे, असं सांगायचं! शेठ बिथरले तर घाटाच्या दोन्ही बाजूंना बोभाटा होणार, आणि नव्या गॅरेजची पायरी कुणी चढणार नाही. बरं, न सांगावं तर आबांची अनुज्ञा गेली आणि एक चांगली गाडी उगाच घरातून गेली. गिरिधरने शेठांच्या हातातून पान घेतलं, ते तोंडात न घालता तसंच धरून ठेवलं, आणि विचारलं,

"शेठ, जळालेला मिक्सर परत घेऊन दुकानात कुणी आलं, तर तुम्ही काय सांगता?"

शेठ खुलले. त्यांच्या आवडीचा विषय निघाला होता. "अहो, रोजचंच आहे ते! घेऊन जातात हौसेने, आणि महिनाभरात जाळून आणतात. मी स्पष्ट सांगतो, बाई, मशीन उत्तम आहे, तुम्हीच त्याला छळलंत. थांबत थांबत फिरवा, तापलं की निवू द्या, तळाला हात लावून बघत जा. आमच्या घरात बघा म्हणावं, लग्नातला मिक्सर अजून चालतोय!"

"मग ते काय म्हणतात?"

"काय म्हणणार? म्हणतात, ही कंपनीच वाईट, दुसऱ्या कंपनीचा द्या!" शेठ मोठ्याने हसले. आणि हसता हसता त्यांची नजर फाटकाकडे गेली. हसू विरलं. त्यांनी गाडीकडे पाहिलं, गिरिधरकडे पाहिलं, पुन्हा गाडीकडे पाहिलं.

गिरिधरने धीर केला. "शेठ, काल मी तुम्हाला चुकीचं उत्तर दिलं, माफ करा. तुमचं इंजिन निरोगी आहे. दुकानात चालत जात जा. घाट चढून गेलात की बंद करण्याआधी त्याला मिनिटभर शांत चालू राहू द्या. ऑइल वेळच्या वेळी बदला, गाडी कमी फिरली तरीसुद्धा. एवढं सांभाळलंत तर ते तुम्हाला दगा देणार नाही. हे नसेल जमणार, तर ही विकून दुसरी आणलीत तरी तिचंही हेच होईल."

शेठांचे कान लाल झाले. तेवढ्यात स्वयंपाकघरातून विमलाबाईंचं हसू ऐकू आलं. त्यांनी दाबायचा प्रयत्न केला होता, पण ते काही दबलं नाही.

"म्हणजे मिक्सर जाळून आणणारी ती बाई मीच की!" शेठ म्हणाले, आणि मग तेही असे हसले, की पोट धरून त्यांना ओट्यावर बसावं लागलं. "पण आबा, खरं सांगतो, मला दम निघत नाही. किल्ली हातात आली की पाय आपोआप दाबला जातो. या वयात ही खोड कशी जायची?"

विमलाबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. "मग किल्ली इकडे द्या. मला चालवता येते, लायसन आहे. लेकाबरोबर घाटही चढलेय मी. तुम्हीच कधी बसू देत नाही."

शेठांनी आबांकडे पाहिलं. आबा पानाच्या शिरा काढण्यात गर्क होते. मदतीची आशा उरली नाही, तेव्हा शेठांनी किल्ली दिली.

परतीच्या वाटेवर आबा अनुज्ञेविषयी अवाक्षर बोलले नाहीत, आणि गिरिधरला विचारायचं धाडस झालं नाही. पुढचे दिवस त्याने जीव मुठीत धरून काढले.

रविवारी सकाळी शेठांचं कुटुंब गॅरेजवर आलं. गिरिधरने जुनं ऑइल काढून नवं भरलं. माणसं दाटीवाटीने गाडीत बसली, नातवंडं खिडकीसाठी भांडली, शेठ नाइलाजाने डावीकडच्या सीटवर विसावले. विमलाबाईंनी गाडी चालू केली आणि हात मांडीवर ठेवून त्या स्वस्थ बसून राहिल्या.

"अगं, निघ की!" शेठ अधीर झाले. "आता कशाची वाट बघतेस?"

"आत्ताच उठलंय ते," विमलाबाई म्हणाल्या. "तोंड तर धुवू द्या त्याला."

थोड्या वेळाने गाडी हलली आणि संथपणे घाटाला लागली. आबा ती वळणाआड जाईपर्यंत पाहत राहिले.

"निघण्याआधी थांबायचं, हे तू त्यांना सांगितलं होतंस?"

"नाही, आबा. मी फक्त बंद करण्याआधीचं बोललो होतो."

"म्हणजे उरलेलं त्यांचं त्यांना उमगलं. उत्तर नुसतं दिल्याने योग्य ठरत नाही, बाळ. ते ऐकणाऱ्याच्या घरात नांदायला लागलं की योग्य ठरतं. जा आता, काढ तुझं गॅरेज."

गिरिधर आबांच्या पाया पडला. त्याला आनंद झाला होता, आणि आता रोज ही शेड दिसणार नाही म्हणून रडूही येत होतं. त्याने दोन्ही लपवलं नाही.

आपण मात्र अजूनही गाडी घेताना दुकानदाराला विचारतो, "टिकेल ना हो?" तो बिचारा एकवार आपल्याकडे नीट पाहतो, आणि मग गाडीविषयी काहीतरी सांगतो.