सुताची लड

“हुकूम वरचा, सही तेवढी माझी. मग पाप कोणाचं, बाबा?”

चटईवर बसता बसताच मुश्ताकबेगने विचारलं. तो गृहखात्याचा सचिव होता. वेळ घालवायची त्याला सवय नव्हती, आणि बाराच्या आत कचेरीत पोचायचं होतं.

देश कुठला, ते जाऊ द्या. तिथे फौलादशहा नावाच्या एकाच माणसाची सत्ता होती. त्याचं नाव कानावर पडलं की असेल तिथे उठून उभं राहायचं, असा कायदा होता. न उठणाऱ्याला दहा वर्षं मिठाच्या खाणीत. हा कायदा लिहिला होता मुश्ताकबेगनेच. तेव्हा दरबारात त्याची केवढी वाहवा झाली होती!

आता त्याच कायद्यात त्याचा धाकटा भाऊ सापडला. बिचारा शाळामास्तर. समारंभात शहाचं नाव निघालं तेव्हा तापाने फणफणलेली लेक त्याच्या मांडीवर झोपली होती. तो उठला नाही. शिक्षेचा कागद आला तो थोरल्या भावाच्याच टेबलावर. बारापर्यंत त्यावर सही करायची, नाहीतर शहासमोर जाऊन भावासाठी रदबदली करायची. रदबदलीला गेलेला माणूस परत आलेला अजून कुणी पाहिला नव्हता.

म्हणून तो लतीफबाबा नावाच्या फकिराकडे आला होता. बाबा नदीकाठी झोपडीत राहायचे, लोकांच्या गोधड्या शिवून द्यायचे. ‘पाप तुझं नाही’, एवढं एक वाक्य त्यांच्या तोंडून निघालं असतं तरी सचिवसाहेबांचं काम झालं असतं.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग सुताची एक लड उचलली, साहेबांच्या दोन्ही हातांत अडकवली आणि टोक धरून गुंडा करायला लागले. मुश्ताकबेगला राग आला. पण गरज त्याची होती. त्याने हात समोर धरले.

“फौलादशहाची तब्येत बरी आहे ना?” बाबांनी सहज विचारलं.

मुश्ताकबेग ताडकन उभा राहिला. दोरा तुटला.

बाबांनी गाठ मारली, त्याला खाली बसवलं. इथे आपण दोघंच आहोत, दार लोटलेलं आहे, म्हणाले. मुश्ताकबेग ओशाळला. वीस वर्षांची सवय आहे, घरी एकटा असलो तरी पाय आपोआप उठतात, असं त्याने सांगून टाकलं.

“असेल, असेल.”

थोडा वेळ गेला...

“फौलादशहाला तुझा भाऊ ठाऊक आहे?”

पुन्हा तेच. गुडघा कटकन वाजला, दोरा तुटला, बाबांनी गाठ मारली.

तिसऱ्या वेळी मुश्ताकबेगने दात आवळून ठरवलं होतं, की काही झालं तरी उठायचं नाही. नाव कानावर आलं, आणि ठरवलेलं आठवायच्या आत तो उभा होता. बाबा गाठ मारून पुन्हा गुंडाळायला लागले.

“भावाचं नाव तू सांगितलंच नाहीस.”

मुश्ताकबेगने दाराकडे पाहिलं. आवाज खाली आणला.

“अन्वर.”

“अन्वर,” बाबा म्हणाले, चांगलं मोठ्याने.

मुश्ताकबेगला आठवलं. लहानपणी हाच अन्वर त्याच्या पाठुंगळीला बसून ही नदी ओलांडायचा, मानेला घट्ट मिठी मारायचा. डोळे भरून आले. पुसावेसे वाटले, पण हातांत सूत होतं. तो बसून राहिला.

दोरा सरसर निघत होता.

“अन्वर,” बाबा पुन्हा म्हणाले. आणि जरा वेळाने, “अन्वर.”

...

लड संपली. हात रिकामे झाले तरी मुश्ताकबेग ते तसेच पुढे धरून बसला होता. घड्याळात सव्वाअकरा झाले होते.

“बाबा, पाप कोणाचं ते तुम्ही सांगितलं नाहीत.”

बाबांनी गुंडा हातात फिरवून पाहिला.

“अन्वरच्या नावाला तू एकदाही उठला नाहीस. दोरा एकदाही तुटला नाही.”