पिवळ्या रेघा

“कॉम्प्रेशन बघितलंस?”

दस्तगीर वस्तादांनी हे दुसऱ्यांदा विचारलं, आणि अभिनंदन चौगुलेनं दुसऱ्यांदा भलतंच उत्तर दिलं.

“प्लग नवे टाकलेत, वस्ताद. कॉइल बदलल्या. इंजेक्टर साफ करून आणले. टर्बोचे पाइप तपासले, कुठं हवा गळत नाही. तरी मिसिंग जात नाही. तीन नंबरचा सिलिंडर मधूनच झोपतो.”

“ते ऐकू येतंय मला.”

कोल्हापुरात उद्यमनगरच्या मागच्या गल्लीत वस्तादांचं गॅरेज होतं. अभिनंदन तिथंच शिकला आणि आता पुण्यात एका मोठ्या वर्कशॉपात साहेब झाला होता. आल्या आल्या त्यानं लॅपटॉप उघडून वस्तादांना आलेख दाखवले. माणूस हुशार, यात वाद नाही. आपण हुशार आहोत हे त्यालाही जरा जास्तच ठाऊक होतं, एवढंच.

गाडी मात्र त्याची नव्हती. ती त्याच्या थोरल्या भावाची, भूपालची. भूपालही याच गॅरेजात घडलेला. भंगारात निघालेली ही टर्बो गाडी त्यानं उचलून आणली आणि तिचं इंजिन इथंच, याच बाकावर बांधलं. मागच्या पावसाळ्यात साधी कावीळ म्हणून दवाखान्यात गेला, तो परत आला नाही.

वस्तादांनी उभ्या गाडीच्या बॉनेटवर तळवा ठेवला. इंजिन चालू होतं. तळवा थरथरत होता.

“पळताना कशी हाय?”

“पळताना एक नंबर. घाटात टर्बोनं दम धरला की काही कळतसुद्धा नाही. दादाच शेजारी बसलाय असं वाटतं.”

“आन् उभी ऱ्हायली की?”

“...अशी थरथरते.”

“मंग काय करतोस?”

“उभीच करत नाही.” अभिनंदन हसला. “सिग्नल चुकवून गल्लीबोळातून जातो.”

वस्ताद हसले नाहीत. त्यांनी इंजिन बंद केलं आणि कॉम्प्रेशनचा दाब मोजायचा गेज त्याच्यापुढे धरला.

“तूच लाव.”

अभिनंदननं गेज हातात घेतला, पण लावला नाही. कॉम्प्रेशन बघायचं हे त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. पुण्यात त्याच्या हाताखालच्या पोरांना तो पहिल्या दिवशी हेच शिकवायचा. वर्षभर त्यानं हे एक सोडून सगळं केलं होतं.

“वस्ताद, समजा कॉम्प्रेशन कमी निघालं...”

“मंग?”

“मग वरचं हेड खोलून इंजिन उघडावं लागेल.”

“व्हय.”

“मला हेड खोलायचं नाही.”

गल्लीत कुणीतरी पत्रा ठोकत होतं. तो आवाज थांबला तसं वस्तादांनी विचारलं,

“खोलायचं न्हाई, तर मंग पुण्यास्नं एवढ्या लांब कशापायी आणलीस?”

अभिनंदननं प्लग काढून गेज लावला. वस्तादांनी आत बसून सेल मारला. बाकीच्या सिलिंडरांना काटा भरभर चढला. तीन नंबरला निम्म्यावर गेला आणि तिथंच बसला.

वस्ताद उतरले. तेलाची कुप्पी घेऊन त्यांनी प्लगच्या भोकातून चमचाभर तेल तीन नंबरमध्ये सोडलं.

“आता बघ.”

पुन्हा सेल मारला. काटा चढला, थेट बाकीच्यांच्या जोडीला गेला.

अभिनंदनचा चेहरा उजळला. खरं तर तेलानं काटा चढला याचा अर्थ पिस्टनच्या रिंगा गेल्या, फट तेलानं तेवढ्यापुरती बुजली, हे त्याला पाठ होतं. पण डोळ्यांसमोर काटा चढताना पाठ केलेलं कुणाला आठवतं... त्यानं घाईघाईनं प्लग बसवले आणि इंजिन सुरू केलं.

मागून निळसर धूर आला. पण आवाज! एकसारखा, भरलेला. बॉनेट हलेना. भूपाल गाडी घेऊन पहिल्यांदा घरी आला होता, तेव्हा आईनं दारात तिच्या चाकांवर पाणी घातलं होतं आणि गाडी अशीच शांत उभी होती.

“वस्ताद, ऐका. हाच. हाच दादाच्या हातचा आवाज.”

“ऐकतोय.”

“अशीच राहू दे हिला.”

“तेल हाय तवर ऱ्हाईल.”

दोघं उभे राहिले. धूर विरळ होत गेला. मग एक ठोका चुकला... मग आणखी एक. बॉनेट पुन्हा थरथरायला लागलं.

अभिनंदननं हात लांबवून कुप्पी उचलली. वस्तादांनी ती काढून घेतली नाही, की ते रागावलेही नाहीत. नुसते त्याच्याकडे बघत राहिले. शेवटी त्यानंच ती जागेवर ठेवली आणि चावी फिरवून इंजिन बंद केलं.

वरचं झाकण निघालं. आत हेडच्या प्रत्येक बोल्टवर एकेक पिवळी रेघ होती. तेलात राहूनही शाबूत.

ही या गॅरेजची पद्धत. जो बोल्ट आवळेल, त्यानं त्यावरून आडवी रेघ ओढायची, बोल्टावरून खाली हेडपर्यंत, आपापल्या रंगाची. वस्तादांचा लाल, भूपालचा पिवळा, अभिनंदनचा पांढरा. बोल्ट सरकला तर रेघ तुटते. रेघ तुटली की वस्ताद रंग बघतात आणि त्या माणसाला हाक मारतात. मग तो जेवत असो की झोपलेला असो, त्यानं यायचं.

“एकही तुटली नाही, वस्ताद,” अभिनंदन म्हणाला. “घरात त्याचे कपडे आईनं वाटून टाकले. फोन बंद पडला. त्याच्या हातचं एवढंच राहिलंय... यावर मी पाना कसा लावू?”

वस्तादांनी पाना पुसला आणि त्याच्या हातात दिला.

पहिला बोल्ट कुरकुरला. रेघ मधून तुटली. अभिनंदननं डोळे पुसले नाहीत, कारण हात तेलानं माखले होते. बाकीचे बोल्ट त्यानं न थांबता खोलले.

तीन नंबरच्या पिस्टनची वरची रिंग दोन तुकडे होऊन आली. तुकडे तळहातावर घेऊन तो म्हणाला,

“ही दादानं बसवली होती.”

“रिंग हाय ती. झिजायलाच असती.”

अभिनंदन आईकडे राहायला गेला, आणि रोज सकाळी गॅरेजात येत राहिला. नव्या रिंगा आल्या, पिस्टन बसले, हेड चढलं. इस्त्रीचा शर्ट कधीच खुंटीवर गेला होता. बोल्ट त्यानंच आवळले, क्रमानं, टॉर्क रेंचनं जोर मोजून. वस्ताद शेजारी स्टुलावर बसून होते. त्यांनी कशालाही हात लावला नाही.

शेवटचा बोल्ट झाल्यावर अभिनंदन फळीकडे गेला. रंगाच्या बाटल्या जुन्या जागीच होत्या. त्यानं पिवळी उचलली. झाकण निघेना. पकडीनं काढलं, तर आतला रंग वाळून खडा झालेला.

“थिनर कुठाय, वस्ताद? मला पिवळाच लावायचाय. होता तस्सा.”

वस्ताद उठले. त्यांनी फळीवरची पांढरी बाटली घेतली आणि त्याच्यापुढे बाकावर ठेवली.

अभिनंदननं झाकण फिरवलं. ते अलगद निघालं. आतला रंग ओला होता, आणि थिनरचा ताजा वास आला.

तो पुण्याला गेला त्याला कितीतरी वर्षं झाली होती. इतक्या वर्षांत त्यानं गॅरेजला साधा फोन केला नव्हता. भूपालच्या मातीला दोघं शेजारी उभे होते, तेवढंच काय ते.

त्यानं वस्तादांकडे पाहिलं. वस्ताद इंजिनाकडे बघत होते.

“दादाच्या गाडीवर माझा रंग... पिवळाच लावू द्या ना, वस्ताद. कुणाला काय कळतंय?”

वस्तादांनी ब्रश पांढऱ्या रंगात बुडवला, बाटलीच्या काठावर निथळवला आणि त्याच्या बोटांत दिला.

“आन् उद्या रेघ तुटली, तर मी हाक कुणाला मारू?”